डलुथचे व्याही

(विस्कॉन्सिनमधलं, मिशिगन सरोवराकाठचं एक छोटं गाव. १९७१चा उन्हाळा, रविवारची दुपार. झेझुल्का नवरा-बायकोचं स्वयंपाकघर.)

बोहूश : पुन्हा म्हण.

लीदा : स्टेन्सरुड.

बोहूश : पुन्हा.

लीदा : किती वेळा म्हणू? जपमाळ ओढायचीय का? स्टेन्सरुड! आपल्या व्लास्ताच्या होणाऱ्या नवऱ्याचं आडनाव स्टेन्सरुड आहे. आता तो शर्ट बदल, त्याला बटाट्याचं साल चिकटलंय.

बोहूश : डलुथचा स्टेन्सरुड?

लीदा : डलुथचाच.

बोहूश : आयनारचा?

लीदा : आयनारचा एकुलता एक. लायल. वर्षभर या टेबलाशी बसून जेवून जातोय. गेल्या वेळी तू स्वतःच्या ताटातलं डम्पलिंग उचलून त्याच्या ताटात टाकलंस. लग्न झाल्यापासून मला कधी दिलं नाहीस.

बोहूश : मला वाटलं, लायल हेच त्याचं आडनाव.

लीदा : मग नाव काय वाटलं?

बोहूश : मी विचारलं नाही. मुलगा सहा फूट आठ इंच आहे, त्याच्याशी बोलताना मला मान खाली घालावी लागत नाही. आणखी काय विचारायचं? पण नाक! ते नाक बघून मला कळायला हवं होतं. त्या नाकावर मी सात वर्षं कोपर मारलंय!

लीदा : त्याच्या बापाच्या.

बोहूश : एकच नाक आहे ते. वारशाने आलंय. आणि तुला कधीपासून माहीत?

लीदा : ख्रिसमसपासून.

बोहूश : ख्रिसमस!

लीदा : व्लास्ताने मला शपथ घातली. म्हणाली, आई, बाबांना लायल आधी आवडू दे, आडनाव मागून सांगू. आज सकाळी म्हणते, आई, आम्ही तळ्यावर जाऊन येतो, तेवढ्यात तू सांगून टाक. पळाली दोघं. मेली एवढी सहा फूट दोन इंचांची घोडी, पण बापाला भिते.

बोहूश : हे लग्न होणार नाही.

लीदा : बरं.

बोहूश : बरं काय? मी गंभीरपणे बोलतोय.

लीदा : मीही गंभीरपणे बरं म्हणतेय. तू हे लायलच्या बापाला सांग. जेवायला येतोय तो.

बोहूश : कोण?

लीदा : आयनार स्टेन्सरुड. अंधारातच डलुथहून निघालाय, गाडी हाकत. एव्हाना गिलरॉयच्या टबांच्या कारखान्यापाशी आला असेल.

बोहूश : लीदा!

लीदा : ओरडू नकोस, जॅमचे कोलाचे पाव भट्टीत आहेत, बसतील.

बोहूश : मी मागच्या दाराने जातो.

लीदा : जा की. गुडघा धरून, कुंपणावरून उडी मारून जा. सगळा गाव बघेल. गिलरॉय टबवाल्यांच्या बास्केटबॉल संघातला मोठा झेझुल्का, ज्याला बघून मिलवॉकीची पोरं खेळायच्या आधीच घाम पुसायची, तो डलुथच्या एका म्हाताऱ्या नॉर्वेजियनाला घाबरून वाटाण्याच्या वेलीत लपलाय.

बोहूश : घाबरून नाही.

लीदा : मग?

बोहूश : तुला माहीत आहे कशाने.

लीदा : दात?

बोहूश : दातांचं काही नाही. दात मी त्याला कधीच माफ केले. त्याचं बोट मी वाकडं केलं, त्याने माझे दात पाडले, हिशेब मिटला. तो खेळ होता.

लीदा : मग ते शेवटचं.

बोहूश : त्याबद्दल बोलायचं नाही.

लीदा : एकवीस वर्षं बोललो नाही आपण. खानावळीत कुणी त्या बास्केटचं नाव काढलं की तू ग्लास अर्धा सोडून उठतोस. बिअर सोडतोस, बोहूश! आणि मी लोकांना सांगते, नम्र आहे हो माझा नवरा, स्तुती सहन होत नाही त्याला.

बोहूश : गाडी थांबली.

लीदा : शर्ट!

बोहूश : मी बोलणार नाही त्याच्याशी. सांगून ठेवतो. एक शब्दही नाही. जेवेन, पण बोलणार नाही.

लीदा : उत्तम. मला तेवढीच बोलायला जागा. या, या! दार उघडंच आहे, मिस्टर स्टेन्सरुड!

आयनार : नमस्कार, मिसेस झेझुल्का. हा मासा…

बोहूश : डोकं!

आयनार : आई गं.

लीदा : अरे देवा, लागलं का हो? दाराची चौकट खाली आहे, भाड्याचं घर, मालक वाढवू देत नाही.

आयनार : वाईट नाही. मजबूत लाकूड आहे.

बोहूश : वाक म्हणायला गेलो, उशीर झाला. दिवा आहे पुढे. दिवा! डावीकडून ये.

आयनार : आलो. नमस्कार, झेझुल्का.

बोहूश : …

लीदा : त्याने न बोलण्याची शपथ घेतलीय. आतापर्यंत चारदा मोडली. बसा, ही खुर्ची घ्या, ती दुसरी मोडते. मासा कसला?

आयनार : ट्राउट. मीच धुरावर भाजला.

लीदा : केवढा आहे हा! बोहूश, बघ रे, व्लास्ता जन्मली तेव्हा एवढीच होती.

आयनार : सुंदर मुलगी आहे तुमची. लायलने फोटो दाखवला. मी म्हटलं, वाईट नाही.

लीदा : वाईट नाही?

आयनार : आमच्याकडे याच्यावर शब्द नाही. माझ्या लग्नातही मी एवढंच म्हणालो होतो.

लीदा : मग बरोबर आहे. बोहूश, डम्पलिंग वाढ पाहुण्यांना. तोंडाने नको वाढूस, हाताने वाढ.

आयनार : पुरे, पुरे.

लीदा : तीन पुरे? तुमचा मुलगा सात खातो.

आयनार : तो त्याच्या आईवर गेलाय. झेझुल्का, तू जाड झालास.

बोहूश : आणि तू वाळलास.

लीदा : पाचव्यांदा मोडली.

आयनार : गुडघा कसा आहे?

बोहूश : थंडीत कुरकुरतो.

आयनार : माझी पाठ. उठताना आवाज येतो. कुत्रा दचकतो.

लीदा : सांगा ना मला काहीतरी. हा तर त्या दिवसांबद्दल कधी तोंड उघडत नाही. मला फक्त सुरुवात माहीत आहे, कारण सुरुवातीला मीच होते.

आयनार : नाचाची गोष्ट खरी आहे? आमच्याकडे सगळे म्हणायचे, टबवाल्यांनी त्या राक्षसाला पोल्का शिकवायला एक मुलगी ठेवलीय.

लीदा : ती मी! याला त्या पहिल्या हिवाळ्यात बघायला हवं होतं तुम्ही. गिलरॉयच्या मॅनेजरने जत्रेतून उचलून आणला याला. याचा सख्खा काका याला जत्रेत तंबूत उभा करायचा, बाहेर पाटी, बोहेमियाचा राक्षस. बोहेमिया कसला? हा जन्मला इथून पुढच्या शेतावर, गाईच्या गोठ्याशेजारी. लोक आत यायचे, बोट लावून बघायचे. बायका पोटऱ्या दाबून बघायच्या, खऱ्या आहेत का.

बोहूश : एकीने टाचणी टोचली होती.

लीदा : तर मॅनेजर तंबूत आला आणि याला म्हणाला, तुला उडी मारता येते का? हा म्हणाला, कशावरून?

आयनार : चांगला प्रश्न आहे.

लीदा : सकाळी टबांना मुलामा द्यायचा, संध्याकाळी खेळायचं. पहिल्या सामन्यात याच्या हातात चेंडू आला, याने काखेत धरला आणि पळत सुटला. पंच शिट्टी वाजवतोय, हा आपला पळतोय, सगळं सभागृह आडवं पार करून थेट दाराबाहेर, बर्फात!

बोहूश : कुणी सांगितलं नव्हतं कुठे थांबायचं.

लीदा : पाय म्हणजे दोन होड्या. वळायला सांगितलं की आधी डोकं वळायचं, मग खांदे, मग पाय, तोवर चेंडू पलीकडे. शेवटी कोच माझ्या बाबांकडे आला. आमचं नाचाचं सभागृह होतं ना, तिथेच सामने व्हायचे. म्हणाला, तुमच्या मुलीला सांगा, याला गिरकी घ्यायला शिकवा. मी पाच फूट दोन इंच. याच्या शर्टाचं तिसरं बटण माझ्या डोळ्यांसमोर. महिनाभर मी त्या बटणाशी नाचले.

बोहूश : आणि पायावर पाय माझाच पडायचा, पण माफी ती मागायची.

लीदा : भीती वाटायची, मला वाटायचं रडेल हा. आणि एक दिवस हा वळला. एकदम, हलक्याने, डाव्या पायावर. माझा पायच जमिनीवर नव्हता, हातातल्या पिशवीसारखी मी हवेत. बाबांनी ॲकॉर्डियन वाजवायचं थांबवलं. त्या शनिवारी याने एकट्याने एवढ्या बास्केट केल्या की समोरचा संघ अर्ध्यातून विचारायला आला, याला थोडा वेळ बसवता का?

आयनार : तेव्हा तुझ्यासमोर मी नव्हतो.

बोहूश : नव्हतास. म्हणून तर सुखात होतो.

आयनार : मी आलो तेव्हा तू जाळीखाली उभा राहून येणारा प्रत्येक चेंडू माशी मारावी तसा मारायचास. मी पहिले सहा टाकले, सहाही परत आले. एक माझ्याच डोक्यावर. मी कोचला म्हटलं, मी घरी जातो.

बोहूश : खरंच?

आयनार : कपडे बदलले होते. मग त्याच हंगामात नियम आला, जाळीत उतरणारा चेंडू अडवायचा नाही. मी परत खेळाचे कपडे घातले.

बोहूश : तो नियम माझ्यामुळे झाला, असं लोक म्हणतात.

आयनार : तुझ्यासारखे तीन-चार होते. पण आमच्या गावात तुझंच नाव घ्यायचे. लोक चर्चमध्ये आभार मानायचे.

लीदा : बघ, बोहूश, डलुथला तुझ्यासाठी प्रार्थना व्हायच्या आणि तुला माहीतच नाही.

बोहूश : आणि तुझं ते सभागृह! तो लोखंडी शेगडीचा डबा कोपऱ्यात, रेषेला लागून! तू मला ढकलत ढकलत त्या शेगडीवर नेऊन बसवायचास.

आयनार : घरच्या मैदानाचा फायदा.

बोहूश : दोनदा बसलोय मी त्यावर!

लीदा : अहो, मीच लोणी लावलंय तिथे.

आयनार : आणि तुमच्याकडची गॅलरी? जाळीच्या मागेच बायका बसायच्या, हॅटच्या पिना घेऊन. मी उडी मारली की पोटरीत टोचायच्या.

लीदा : कोण? छे!

आयनार : एक हिरव्या हॅटवाली होती.

लीदा : आणखी घ्या ना कोबी.

बोहूश : लीदा?

लीदा : काय लीदा? हिरवी हॅट त्या वर्षी सगळ्यांनीच घेतली होती.

आयनार : मी सात वर्षं तुझ्या पाठीमागे उभा राहिलो, झेझुल्का. सात हिवाळे. माझ्या बापाची पाठ मला इतकी ठाऊक नव्हती. तू डावा खांदा जरा खाली केलास की मला कळायचं, आता उजवीकडून वळणार. घाम कुठून यायला लागतो तेसुद्धा. सोल्वेग म्हणायची, झोपेत तू कुणाला ढकलत असतोस?

लीदा : सोल्वेग म्हणजे लायलची आई ना? व्लास्ताने सांगितलं. वाईट वाटलं ऐकून.

आयनार : दोन वर्षं झाली मार्चमध्ये. ती आली असती तर खूप बोलली असती. मला पुरत नाही बोलणं.

लीदा : तुम्ही चांगलं बोलता. बोहूश, तुला काही सांगायचं होतं ना पाहुण्यांना? ते लग्नाचं?

बोहूश : मी कधी म्हटलं?

लीदा : मासा यायच्या आधी.

आयनार : काय आहे, झेझुल्का? मनात काही असेल तर सांग. मी एवढा लांब आलोय. लायल म्हणाला, बाबा, तुम्ही स्वतः जा, ते तुमच्यावर कशाने तरी रागावलेत, आणि व्लास्ताला बापाचं मन मोडून यायचं नाहीये.

बोहूश : ती असं म्हणाली?

आयनार : म्हणाली, बाबा हो म्हणेपर्यंत थांबेन. लायल म्हणाला, किती? ती म्हणाली, माझे बाबा हट्टी आहेत, लांबचा विचार कर.

लीदा : सांग आता.

बोहूश : तुला तो शेवटचा सामना आठवतो?

आयनार : कुठला?

बोहूश : कुठला काय? पन्नास साल. गिलरॉयने संघ बंद करायचं ठरवलं होतं, तो इथला शेवटचा दिवस. लोक खिडक्यांत बसले होते. माझा गुडघा सुजून भोपळा झालेला. सगळ्यांना माहीत होतं की मोठ्या शहरांच्या संघांत मला कुणी घेणार नाही, मला तर सगळ्यांत जास्त माहीत होतं. बरोबरीत सामना. माझ्या हातात चेंडू, पाठीमागे तू. मी वळलो. सात वर्षं वळलो की तू होतास. भिंतीसारखा. त्या दिवशी वळलो, तर कुणीच नव्हतं.

आयनार : हो.

बोहूश : जाळी मोकळी. व्लास्तानेही टाकला असता चेंडू, ती तेव्हा दोन वर्षांची होती. गेला चेंडू आत. लोकांनी मला खांद्यावर घेतलं, मला, सहा फूट दहा इंचांच्या माणसाला, चौघं खाली पडले. आणि मी वरून तुला शोधतोय. तू हातसुद्धा मिळवला नाहीस. वळून चालायला लागलास.

आयनार : हो.

बोहूश : एकवीस वर्षं या गावात मला त्या एका बास्केटवरून ओळखतात. आणि ती माझी नव्हती. तू बाजूला झालास. लंगड्याला वाट दिलीस. तंबूत लोक बोट लावायचे ना, त्याचं मला काही वाटलं नाही, मी पोर होतो. पण तू? तू मला कोपर मारायचास, शेगडीवर बसवायचास. एकटा तूच होतास, ज्याने माझी कधी दया केली नाही. आणि शेवटच्या दिवशी केलीस.

लीदा : अरे बोहूश.

आयनार : दया.

बोहूश : हो.

आयनार : मी. तुझी.

बोहूश : हसतोस काय?

आयनार : हसत नाही. माझा चेहरा असाच आहे. नाही, हसतोय. थांब, मला पाणी दे. मिसेस झेझुल्का, तुमच्यासमोर बोलणं बरं दिसत नाही.

लीदा : मला लीदा म्हणा, आणि बोला. मी पिना टोचणारी बाई आहे.

आयनार : झेझुल्का, तू वळायच्या आधी डावा हात मागे नेऊन काय करायचास?

बोहूश : काय करायचो?

आयनार : सात वर्षं. दर वेळी. पंच दुसरीकडे बघत असताना.

बोहूश : ते… सगळेच करायचे.

लीदा : काय करायचे सगळे?

आयनार : माझ्या चड्डीचा पट्टा धरायचा. दोन बोटं पट्ट्यात घालायचा, मला जागेवर रोखायचा आणि मग वळायचा. तेव्हा आमच्या चड्ड्यांना पट्टे असायचे, समोर पितळी बक्कल. चांगला भक्कम पट्टा होता माझा. सात वर्षं टिकला.

लीदा : नाही!

आयनार : त्या दिवशी बक्कल तुटलं.

लीदा : नाही, नाही, नाही!

आयनार : तू ओढलास, वळलास, मी तुझ्यामागे जायला पाऊल उचललं, आणि ती गुडघ्यापर्यंत आली. सॅटिनची होती. सर्रकन.

बोहूश : खोटं.

आयनार : दोन वाटा होत्या. चेंडू अडवायचा, नाहीतर चड्डी. तुमच्या गॅलरीत हिरव्या हॅटा बसल्या होत्या. मी चड्डी अडवली.

लीदा : अगं आई गं… मी मरते… बोहूश, मला धर…

बोहूश : खोटं बोलतोयस तू. माझं मन राखायला. पुन्हा दया करतोयस.

लीदा : नाही रे! नाही! थांब, मला श्वास घेऊ दे. मी पुढच्याच रांगेत होते, पण सगळ्यांचे डोळे चेंडूवर! हा चालत गेला तो दोन्ही हात कमरेवर घट्ट रोवून! मी माझ्या बहिणीला म्हटलं, बघ मेल्याची मिजास, हरला तरी राजासारखा चालतोय! आणि पाय कसे टाकत होता… एवढी एवढी पावलं… बदकासारखी…

आयनार : मांड्याही आवळून धरल्या होत्या. एक सैल सोडली असती तर संपलं होतं.

बोहूश : म्हणून हात मिळवला नाहीस?

आयनार : कुठला हात देऊ?

बोहूश : म्हणजे… म्हणजे ती बास्केट…

आयनार : बास्केट तुझी. शंभर टक्के तुझी. फाऊल होता, झेझुल्का! सरळ सरळ चोरी! पंचाने बघितलं असतं तर आम्ही जिंकलो असतो!

बोहूश : मी फाऊल केला!

आयनार : भयंकर फाऊल.

बोहूश : लीदा, ऐकलंस? मी फसवलं त्याला! याने वाट दिली नाही, मी लबाडी केली!

लीदा : ऐकलं रे बाबा, सगळ्या रस्त्याने ऐकलं!

बोहूश : माझीच होती! पट्टा ओढून घेतली! अरे, पण तू कुणाला बोलला का नाहीस?

आयनार : आमच्या कोचने विचारलं, का हललास? मी म्हटलं, अंदाज चुकला. डलुथला वर्षभर मला मूर्ख म्हणत होते. वर्षभर चालतं. चड्डीचं सांगितलं असतं तर थडग्यावर लिहिलं असतं. सोल्वेगला सांगितलं फक्त. ती चर्चमध्ये मध्येच हसायची, मला कळायचं कशाला हसतेय.

बोहूश : ऊठ.

आयनार : का?

बोहूश : ऊठ म्हणतो ना. कसं झालं ते दाखव. तू इथे उभा राहा, पाठीमागे. लीदा, तो ओट्यावरचा अख्खा कोबी दे.

लीदा : कोबी माझा आहे!

बोहूश : चेंडू हवा ना. हं. जाळी तिकडे, घड्याळाच्या वर. ढकल मला. ढकल की! पाव्हण्यासारखा काय ढकलतोस?

आयनार : पाठ…

बोहूश : खड्ड्यात गेली पाठ. हं, असं! आता माझी दोन बोटं…

आयनार : पट्टा नवा आहे, झेझुल्का, जपून.

लीदा : दिवा! बोहूश, दिवा! बाई गं, गेला.

बोहूश : गेला आत! बास्केट!

लीदा : बास्केट कसली, भांड्यांच्या रॅकमध्ये गेला! काचा, काचा! पाय उचलू नका कुणी! दोन मिळून तेरा-साडेतेरा फुटांचे बैल माझ्या स्वयंपाकघरात!

आयनार : वाईट नाही. वळण अजून आहे तुझं.

बोहूश : तिने शिकवलंय.

लीदा : बसा आता दोघं. केर मला भरू दे. आणि लग्नाचं काय ते बोला, पोरं येतील.

बोहूश : लग्न होणार. कोण नाही म्हणतंय?

लीदा : कुणी नाही बाई. मला भास झाला.

बोहूश : पण आयनार, एक विचारू? व्यवहाराचं नाही, मनातलं. या दोघांना मुलं होतील.

आयनार : होतील अशी आशा आहे.

बोहूश : केवढी होतील ती?

लीदा : माझ्यावर जाईल की एखादं!

बोहूश : हसू नकोस. व्लास्ताला शाळेत शिडी म्हणायचे. घरी येऊन गुडघे वाकवून आरशासमोर उभी राहायची. आम्हाला निदान खेळ मिळाला. मला तर जत्रेतून बाहेर काढलं त्याने. त्यांना काय मिळेल?

आयनार : लायलला मी हेच विचारलं होतं.

बोहूश : काय म्हणाला?

आयनार : म्हणाला, बाबा, एकटा चालतो तेव्हा लोक माझ्याकडे बघतात. व्लास्ताबरोबर चालतो तेव्हाही बघतात, पण मला कळत नाही, कारण मी तिच्याशी बोलत असतो.

बोहूश : पोरगं तुझ्यापेक्षा बरं बोलतं.

आयनार : सांगितलं ना, आईवर गेलाय.

लीदा : तुमचे डोळे मिटतायत, आयनार. अंधारात निघालात, वरून कुस्ती. पोरं चारपर्यंत येत नाहीत, जरा पडा आत. कोलाचे मग कॉफीबरोबर.

आयनार : नको, खुर्चीतच डुलकी काढतो. दुसऱ्यांच्या पलंगावर माझं जमत नाही. घरी सोल्वेग पायाशी खुर्ची लावायची, वर उशी. ती गेल्यावर मी लावत नाही. पाय लोंबकळतात, तसाच झोपतो.

बोहूश : आतल्या खोलीत माझा आहे.

आयनार : पलंग?

बोहूश : मीच बनवला. टबांच्या खोक्यांच्या फळ्यांचा. जा, बूट काढ आणि पड. तिथे डोकं सांभाळ, दार तेवढंच आहे.

आयनार : या वेळी वाकलो.

लीदा : बोहूश, काय बघतोस दारात उभा राहून? झोपू दे त्याला.

बोहूश : काही नाही. आयनार, उशी उजवीकडची घे, डावी माझी आहे.

लीदा : आयनार, पायाशी खुर्ची देऊ का लावून?

आयनार : नको, लीदा. मावले पाय.